कुलवृत्तांतात ‘कॅप्टन’ छापायचं की ‘सुभेदार’?

वाचकाचं पत्र

सादर नमस्कार. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करायचं काम माझ्या गळ्यात आलं आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे की सहा पिढ्यांपूर्वीचे एक पूर्वज ‘कंपनी सरकारच्या फौजेत कॅप्टन’ होते, खडकीच्या लढाईत होते आणि एका गोऱ्या साहेबाला मोहरांची थैली देऊन त्यांनी ते पद मिळवलं होतं. गाव दापोलीजवळचं. घरात चांदीचं एक पदक आहे. एका बाजूला राणीचा चेहरा आहे, दुसरी बाजू काळी पडली आहे. एक फाटका इंग्रजी कागदही आहे, तो कुणाला धड वाचता येत नाही.

चुलत सासरे आप्पा ८४ वर्षांचे आहेत. ‘कॅप्टन’ छापलं नाही तर वृत्तांताला हात लावणार नाही, म्हणतात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, कंपनीकडून पेशव्यांवर बंदूक चालवली ते मिरवायचं कशाला, गाळून टाक. नणंदेचा मुलगा लंडनला असतो. त्याने तर स्वतःच्या वंशवृक्षात ‘कॅप्टन’ लिहूनही टाकलं. मी काय लिहू? आणि आप्पांना काय सांगू?

— एक सून, दापोली तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. तुमचे पूर्वज कंपनीच्या फौजेत कॅप्टन असणं शक्य नाही. सुभेदार असणं अगदी शक्य आहे. आणि ते सुभेदार असतील, तर ‘कॅप्टन’ लिहून तुम्ही त्यांना मोठं करत नाही. त्यांनी जे कमावलं ते पुसून, जे कुणा दुसऱ्याला फुकट मिळायचं ते त्यांच्या नावावर चढवता.

फुकट का म्हणते ते सांगते. कंपनीच्या फौजेतला गोरा अधिकारी मुंबईत किंवा पुण्यात नेमला जात नसे. त्याची नेमणूक व्हायची लंडनला, लीडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या कचेरीत. तिथे २४ डायरेक्टर असत. दर वर्षी जितके कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, हवे असत, तितक्या जागा या मंडळींत वाटल्या जात. चेअरमन आणि त्याच्या दुय्यमाला दुप्पट वाटा. मग आपापल्या वाट्यातून कुणी पुतण्याला चिकटवायचा, कुणी मित्राच्या धाकट्या मुलाला, कुणी ज्यांच्या मतांवर निवडून यायचं त्या भागधारकाच्या भाच्याला. पोराच्या अंगी काय आहे हा प्रश्न फारसा कुणी विचारत नसे. तोफखाना आणि इंजिनिअरिंगसाठी १८०९ मध्ये क्रॉयडनजवळ ॲडिसकोम्बला शाळा निघाली, तिथे गणित वगैरे आलं पाहिजे असा दंडक होता. पायदळात जाणारे बहुतेक जण मात्र बाप्तिस्म्याचा दाखला आणि डायरेक्टरची चिठ्ठी एवढ्या भांडवलावर जहाजात चढत.

एक नमुना तुमच्या ओळखीचा आहे. महाबळेश्वरच्या बाजाराला माल्कम पेठ म्हणतात, तो जॉन माल्कम. पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. डायरेक्टरांसमोर त्याला उभं केलं तेव्हा त्याचं वय १२. नाकारणारच होते, पण एकाने गमतीने विचारलं, पोरा, हैदरअली भेटला तर काय करशील? पोरगा म्हणाला, तलवार काढून त्याचं डोकं उडवीन. झालं, पास! ही गोष्ट त्याच्या चरित्रांतून इतक्यांदा सांगितली गेली आहे की थोडं मीठमसाला धरूनच ऐकावी. पण १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा १४ वर्षांचाही नव्हता, ही गोष्ट पक्की. खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा औट्रम १८१९ मध्ये मुंबईच्या फौजेत कॅडेट म्हणून आला तेव्हा १६ वर्षांचा होता. आता तुमच्या पूर्वजांचं चित्र डोळ्यांपुढे आणा. शिपाई म्हणून भरती, मग नाईक, मग हवालदार, मग जमादार, आणि तब्येतीने व नशिबाने साथ दिली तर वीस-पंचवीस वर्षांनी सुभेदार. आणि त्या दिवशीही समोर औट्रमच्या वयाचं पोर उभं राहिलं तर सलाम यांनी ठोकायचा. कारण सगळ्यांत जुना सुभेदार सगळ्यांत नव्या गोऱ्या एनसाइनच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या, हाताखाली, असा नियमच होता.

आता मोहरांच्या थैलीकडे येऊ. ही कथा मला फार आवडली, पण ती चुकीच्या फौजेची आहे. पैसे मोजून हुद्दा घ्यायची पद्धत होती ती इंग्लंडच्या राजाच्या फौजेत. तिथे कॅप्टनकीचा दर ठरलेला असे आणि हा बाजार उघडउघड १८७१ पर्यंत चालला. कंपनीच्या फौजेत हुद्दे विकत मिळत नसत. वर चढायचं ते ज्येष्ठतेने, म्हणजे वरचा मरेल, निवृत्त होईल किंवा आजारी पडून विलायतेला जाईल तेव्हा. एकेक जण लेफ्टनंट म्हणूनच म्हातारा व्हायचा. कॅडेटच्या कागदपत्रांत तर या जागेसाठी एक पैसाही दिलेला नाही असं लिहून द्यावं लागे. ते लिहून घ्यावं लागायचं, यातच काय ते समजा. १८०९ साली इंग्लंडमध्ये राजपुत्र ड्यूक ऑफ यॉर्कच्या माजी प्रेयसीने, मेरी ॲन क्लार्कने, पैसे घेऊन फौजेत बढत्या मिळवून दिल्याचं प्रकरण गाजलं आणि ड्यूकला सरसेनापतिपद सोडावं लागलं. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या नेमणुकांचीही चौकशी लावली. तेव्हा कारकुनाच्या आणि कॅडेटच्या जागा दलालांमार्फत विकल्या गेल्याचं बाहेर आलं. म्हणजे चोरीछुपे विक्री होत होती, पण दुकान लंडनला होतं. खडकीच्या छावणीतल्या एखाद्या साहेबाला तुमच्या पूर्वजांनी मोहरांचा हंडा दिला असता तरी कॅप्टन करायचा अधिकार त्या साहेबालाच नव्हता.

आणि पैसा, ओळख, सगळं असतं तरी दार बंदच होतं. १७९१ मध्ये कंपनीने ठराव केला की आईबापांपैकी एक जरी हिंदी असेल तरी अशा माणसाला मुलकी किंवा लष्करी अधिकारपदावर नेमायचं नाही. १७९५ मध्ये तो आणखी आवळला. दोन्हीकडून युरोपियन रक्त नसेल त्याने फौजेत फार तर ढोलकी, बासरी वाजवावी नाहीतर घोड्यांना नाल ठोकावेत! जेम्स स्किनरचं उदाहरण घ्या. बाप कंपनीच्याच फौजेतला स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. पोरगा कंपनीला चालेना, म्हणून तो गेला कुठे, तर शिंद्यांच्या कवायती फौजेत. मराठ्यांना तो चालला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं तेव्हा तिथून बाहेर पडला, कंपनीसाठी घोडदळ उभं केलं, ‘सिकंदर साहेब’ म्हणून नावाजला. तरी बरोबरीचा हुद्दा मिळायला त्याचं अर्धं आयुष्य गेलं. ज्याचा बाप कंपनीचा अधिकारी, त्याची ही कथा. दापोलीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला ते कॅप्टन करतील?

मग आप्पांच्या तोंडी ‘कॅप्टन’ आलं कुठून? माझा तर्क असा. ‘सुभेदार’ हा शब्द आपल्याकडे मोठा. मल्हारराव होळकर सुभेदार, तानाजी मालुसरे सुभेदार. सुभा सांभाळणारा तो सुभेदार. कंपनीने हा भारदस्त शब्द उचलला आणि शंभरेक शिपायांच्या तुकडीवरच्या देशी अधिकाऱ्याला देऊन टाकला. मोठ्या सनदेच्या कागदात पुडी बांधावी तसा प्रकार. त्या तुकडीला म्हणतात ‘कंपनी’. विलायती फौजेत अशा कंपनीवर कॅप्टन असतो. तेव्हा तुमच्या घरातल्या पहिल्या इंग्रजी शिकलेल्या माणसाने, बहुधा आप्पांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी, ‘कंपनीचा सुभेदार’ याचं इमानेइतबारे भाषांतर केलं असेल: कॅप्टन. त्यात लबाडी नाही. कामाच्या दृष्टीने भाषांतर फारसं चूकही नाही. फक्त पगार, मान आणि गोऱ्या सोजिरावर हुकूम चालवायचा हक्क हे तीन तपशील त्या भाषांतरात सांडले.

सुभेदाराचं हे आक्रसणंही एका दिवसात झालं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर शिपायांच्या पलटणींत गोरे अधिकारी मोजकेच असत आणि पलटणीवर एक देशी कमांडंटही असे. बेने इस्रायलांपैकी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना सॅम्युएल इझिकेल म्हणतात, ते मुंबईच्या फौजेत असे कमांडंट होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवीला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. मशीद बंदरची सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची. पण नेमक्या त्याच १७९६ सालच्या फेररचनेत दोन पलटणींच्या रेजिमेंटमागे गोरे अधिकारी चाळीसच्या वर गेले आणि आधी देशी अधिकाऱ्याकडे असलेलं बरंचसं काम लेफ्टनंटांकडे गेलं. सुभेदार उरला तो पलटण आणि साहेब यांच्यामधला दुवा म्हणून. शिपाई काय बोलतात हे साहेबाला, आणि साहेबाचा हुकूम शिपायाला गळी उतरेल अशा भाषेत, हे काम त्याचं. हे काम सोपं होतं असं ज्याला वाटतं त्याने कुठल्याही कचेरीतल्या हेडक्लार्कला विचारावं.

पुढे १८३७ मध्ये सरकारला थोडी जाग आली आणि जुन्या देशी अधिकाऱ्यांसाठी ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ सुरू झाली. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादूर’ किताब आणि रोज दोन रुपये जास्त, दुसऱ्याला ‘बहादूर’ आणि रोज एक रुपया. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार सात रुपये होता, म्हणजे हे काही थोडं नव्हे. तुमच्या फाटक्या कागदात ‘बहादूर’ असा शब्द दिसतो का, तेवढं बघा.

एक फट मात्र मोकळी ठेवते, नाहीतर आप्पा मला पकडतील. बडोदा, ग्वाल्हेर अशा संस्थानांच्या फौजांत देशी ‘कप्तान’ असत. तुमचे पूर्वज किंवा त्यांचा मुलगा कधी तिकडे नोकरीला होता का, हे विचारून घ्या. डॉक्टर असते तर वेगळी वाट होती. कंपनीच्या वैद्यकीय नोकरीची परीक्षा १८५५ मध्ये खुली झाली आणि पहिल्याच परीक्षेत एक बंगाली डॉक्टर निवडले गेले. पण खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. तिला हे लागू नाही. लढाऊ फौजेचं म्हणाल, तर सँडहर्स्टच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेची दारं हिंदी मुलांना उघडली १९१८ मध्ये, तीही वर्षाला १० जागांपुरती. तोवर कंपनी बुडून साठ वर्षं झाली होती.

आता शोधायचं कसं.

पहिली गोष्ट, पदकाला पितांबरी लावू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, काहीही नको. मऊ सुती फडक्याने नुसतं पुसा आणि कडा बघा, चेहरा नव्हे. या पदकांवर बहुधा कडेवर माणसाचं नाव, हुद्दा आणि पलटण रोमन अक्षरांत असतं. काळ्या पडलेल्या बाजूवर ताडाच्या झाडाशी बसलेली बाई आणि खाली १७९९–१८२६ अशी सालं दिसली, तर ते ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक. रिबिनीपाशी चांदीची आडवी पट्टी असेल तर तिच्यावर लढाईचं नाव असतं. खडकीची पट्टी होती, पुण्याची होती, कोरेगावचीही होती. हे पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, आणि ते तेव्हा हयात असलेल्यांनाच मिळालं. म्हणजे खडकीला लढलेला माणूस त्यानंतर ३४ वर्षं जगला, तेव्हा कुठे ते त्याच्या हातात पडलं. तुमच्या घरचं पदक ते निघालं, तर वृत्तांतासाठी जन्ममृत्यूच्या सालांचा अंदाज तुम्हाला तिथेच मिळतो. पदक १८४० च्या दशकातल्या सिंध किंवा पंजाबच्या मोहिमेचं निघालं, तर मात्र ‘खडकी’ ही गोष्ट वेगळ्या पिढीची असू शकते. घराण्यांच्या आठवणीत बापाची लढाई मुलाच्या खात्यावर जमा होण्याचे प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत.

कडेवर पलटणीचा आकडा सापडला तरी लगेच शोधायला धावू नका. १८२४ मध्ये मुंबईच्या पलटणींचे आकडे बदलले. पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती ती दुसरी रेजिमेंट झाली, असं. त्यामुळे कुठल्या सालचा आकडा आहे ते ठरवून मगच ताळा घाला.

लंडनच्या भाच्याला कामाला लावा. वंशवृक्षात ‘कॅप्टन’ लिहायला त्याला दोन मिनिटं लागली असतील, आता दोन शनिवार खर्च करू दे. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे. त्यात १७८९ ते १८६० पर्यंतच्या कॅडेटांचे अर्ज आहेत, नाव सुचवणारा डायरेक्टर कोण, बाप काय करतो, सगळं. मुंबईच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. तिथे त्याने तुमच्या पूर्वजांचं नाव शोधावं आणि न सापडल्याचं आप्पांना स्वतः फोन करून सांगावं. मग त्याने पदकांच्या याद्या बघाव्यात, तिथे देशी अधिकाऱ्यांची नावं मिळण्याची आशा जास्त. दर शिपायाची सेवापुस्तिका मिळेल अशी अपेक्षा नको. गोऱ्या कॅडेटचा बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवणाऱ्या कचेरीने देशी शिपायाचे कागद तितके जपले नाहीत.

नाव शोधताना आडनाव विसरा. त्या काळच्या यादीत आडनाव क्वचितच असतं. कोरेगावच्या स्तंभावरची नावं वाचा, महार शिपायांच्या नावांमागे ‘नाक’ आहे, बेने इस्रायलांच्या नावात ‘इस्रायल’ आहे. इंग्रज कारकुनाने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. रोमन अक्षरांतलं नाव मोठ्याने वाचा, डोळ्यांनी नको, कानांनी ओळखू येईल.

इकडे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. निवृत्तीनंतर जमीन इनाम मिळाल्याची आठवण घरात असेल, तर इंग्रज सरकारने इनामांची छाननी करायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या चौकशीत काही निघतं का तेही बघा. आणि गाव विसरू नका. दापोलीला जुनी माणसं ‘काप’ म्हणतात ते कॅम्पवरून. तिथे कंपनीची छावणी होती आणि पेन्शनर शिपाई-सुभेदारांची वस्तीही होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी नोकरी संपल्यावर काही काळ तिथेच राहिले. महारांची भरती सरकारने बंद केली, तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये दापोलीहूनच अर्ज तयार केला आणि आपल्या लोकांच्या लष्करी नोकरीचा दाखला पुढे ठेवला. ‘सुभेदार’ या शब्दाला त्या मातीत काय वजन होतं, ते आप्पांना यावरून कळेल.

आता लेकीचं. तिला रागावू नका, तिचा प्रश्न खरा आहे. पण गाळून टाकणं हे उत्तर नाही, कारण कुलवृत्तांत म्हणजे सत्कार समारंभ नव्हे. तिला एवढं दाखवा की त्या काळी नोकरी ही पगार देणाऱ्याची होती. कोरेगावला पेशव्यांच्या बाजूने अरब लढले. शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच होते, स्किनरसारखे होते. सात रुपये महिना, तोही वेळेवर, हे कोकणातल्या घराला काय होतं, हे जातीने आणि दुष्काळाने ज्यांना गावात काही ठेवलं नाही त्यांच्या बाजूने बघावं लागतं. तरीही ज्याच्या हाताखाली हा माणूस लढला ती कंपनी देश गिळत होती, हेही त्याच पानावर लिहा. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहू शकतात. मुलीलाच तो परिच्छेद लिहायला द्या. मला वाटतं ती तुमच्यापेक्षा बरा लिहील.

वृत्तांतातला मजकूर असा ठेवा: ‘कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत सुभेदार (पदकावरील नोंदीनुसार). घराण्यात त्यांना कॅप्टन म्हणत. मोहरांची थैली देऊन पद मिळवल्याची आख्यायिका आहे.’ कडेवर सुभेदाराऐवजी हवालदार किंवा नाईक निघालं तर तेच छापा, मागेपुढे पाहू नका. आख्यायिका गाळू नका, तिला आख्यायिका म्हणा. आपल्या माणसाची किंमत झाली नाही, निदान पैशाने तरी त्याने ती करून घेतली असावी, असं कुणाला तरी कधीतरी वाटलं, त्यातून ती आली असावी.

आणि आप्पा. त्यांना माझं हे उत्तर वाचून दाखवू नका. बाहेरच्या बाईने छापून चूक काढली तर ८४ व्या वर्षी माणूस आणखी हटून बसतो. सकाळी, उजेड चांगला असताना, पदक एका पांढऱ्या रुमालावर ठेवून त्यांच्यापुढे न्या. म्हणा, आप्पा, कडेवर काहीतरी बारीक अक्षरं आहेत, मला काही लागत नाहीत, जुनी वळणं तुम्हालाच वाचता येतील. भिंग त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही वही घेऊन बसा. ते एकेक अक्षर सांगतील, तसं लिहून घ्या. मधेच थांबले तर थांबू द्या, चहा टाका. लिहिलेलं मला पाठवा, त्यांनी सांगितलं अगदी तसंच, स्पेलिंग न सुधारता.

तुमची,
सदरलेखिका